लहान कॅबिनेटमध्ये ग्राफिक्स कार्ड बसवताय? या चुका टाळा

कार्ड घेण्याआधी बहुतेकजण लांबी मोजतात, आणि फक्त लांबीच मोजतात. कॅबिनेटच्या माहितीत ‘३२० मिमीपर्यंतचे कार्ड’ असं लिहिलेलं असलं, तरी तो आकडा अनेकदा पुढचा पंखा नाही असं धरून दिलेला असतो. पंख्याची जाडी २५ मिमी, त्याला रेडिएटर (प्रोसेसर पाण्याने थंड करणारी जाळी) जोडला तर आणखी २७ ते ३० मिमी. उरतात जेमतेम २६५. जाडीचंही तसंच. मदरबोर्डवर कार्ड बसवण्याच्या खाचेला स्लॉट म्हणतात; एका स्लॉटचं अंतर २०.३२ मिमी असतं, त्यामुळे ‘अडीच स्लॉट’चं कार्ड प्रत्यक्षात तीन स्लॉट अडवतं.

खरी अडचण उंचीची. पॉवर कनेक्टर कार्डच्या वरच्या कडेला असतो आणि तिथून निघालेली वायर वळायला जागा लागते. झाकण लावताना वायर दाबली जात असेल तर ते जोर लावून बंद करू नका. १६ पिनच्या कनेक्टरपासून निदान ३५ मिमी वायर सरळ राहू द्या. त्याआधीच ती वाकवली तर पिना तिरक्या होतात, संपर्क अर्धवट राहतो आणि तिथेच प्लास्टिक वितळतं. म्हणून कार्डच्या उंचीत हे ३५ मिमी मिळवा आणि मगच झाकणापर्यंतचं अंतर बघा.

अरुंद, पातळ कॅबिनेटला लो-प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीचं कार्डच लागतं. त्याची मागची पट्टी सुमारे ८० मिमीची असते, नेहमीची १२० मिमीची. अनेक लो-प्रोफाइल कार्डांसोबत दोन्ही पट्ट्या येतात. खोक्यातली छोटी पिशवी फेकण्यापूर्वी नीट बघा.

सगळ्यात धोक्याची चूक म्हणजे साटा वायरीवरून (हार्ड डिस्क, एसएसडीला वीज देणारी वायर) कार्डसाठी ६ पिनचा जोड काढणं. पीसीआय एक्सप्रेस स्लॉट (मदरबोर्डवर कार्ड बसतं ती खाच) कार्डला ७५ वॅटपर्यंत वीज देतो, ६ पिनची वायर आणखी ७५ आणि ८ पिनची १५०. साटा कनेक्टर मात्र १२ व्होल्टवर ५४ वॅटच पेलतो. त्याच्याकडून ७५ मागितले की तो तापतो, कधी जळतोही. छोट्या ब्रँडेड डेस्कटॉपच्या एसएमपीएसला (वीजपुरवठ्याच्या डब्याला) ६ पिनची वायर नसेल, तर जोड शोधत बसू नका. स्लॉटच्या विजेवरच चालणारं कार्ड घ्या, उदाहरणार्थ ७० वॅटचं आरटीएक्स ३०५० ६ जीबी.

बसवताना क्रम महत्त्वाचा. पुढच्या पॅनलच्या आणि साटाच्या वायरी आधी जोडा, कारण कार्ड आत गेल्यावर तिथे बोटं पोचत नाहीत. जागा फारच कमी असेल तर पॉवरची वायर कार्डला आधीच लावून घ्या. कार्ड काढताना स्लॉटच्या टोकाची खिट्टी दाबावी लागते. ती स्क्रू ड्रायव्हरने दाबू नका, तो निसटला तर मदरबोर्डवरच्या तारा ओरखडल्या जातात. प्लास्टिकची किंवा लाकडी काडी पुरते.

पंखे फिरतात पण स्क्रीन काळीच? आधी मॉनिटरची वायर मदरबोर्डऐवजी कार्डला लावली आहे ना ते बघा. रायझर केबल (कार्ड स्लॉटपासून दूर बसवण्यासाठीची जोडवायर) वापरली असेल तर संशय तिच्यावर घ्या. जेन ३ची केबल आणि जेन ४चं कार्ड (जेन म्हणजे पीसीआय एक्सप्रेसची पिढी) एकत्र आले की सिग्नल बिघडतो, पडदा काळा राहतो किंवा गेम मध्येच बंद पडतो. प्रोसेसरच्या अंगच्या ग्राफिक्सवर मशीन सुरू करा, बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) स्लॉट ‘ऑटो’वरून ‘जेन ३’वर आणा आणि मग पुन्हा बघा. बहुतेक कार्डांवर या बदलाने वेग जाणवण्याइतका कमी होत नाही.

कार्ड तापतंय म्हणून पेस्ट (चिपची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) बदलायला घेण्यापूर्वी एक साधी तपासणी करा. झाकण लावून २० मिनिटं गेम चालवा, तापमान लिहून ठेवा, मग झाकण काढून तेवढाच वेळ तोच गेम चालवा. १० अंशांहून जास्त फरक पडला तर कार्ड ठीक आहे, त्याला हवा मिळत नाही. पंख्यांसमोर काच असेल तर जाळीचं झाकण लावा. तेही जमत नसेल तर कार्डची पॉवर लिमिट (ते जास्तीत जास्त किती वीज घेईल ती मर्यादा) ८० टक्क्यांवर आणा: फ्रेम थोड्याच घटतात, उष्णता मात्र बरीच कमी होते.