कोलोरॅडोच्या डोंगररानात घोड्यांसह मुक्काम

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील राष्ट्रीय वनांमध्ये घोड्यांसह मुक्काम करण्यासाठी खास राखलेल्या जागा आहेत, आणि तेथे स्वतःचा किंवा भाड्याने घेतलेला घोडा घेऊन जाता येते. त्यासाठी घोड्यावर बसता येणे पुरेसे नाही. तबेल्यात वाढलेले जनावर अनोळखी रानात, अंधारात, एका दोरीच्या भरवशावर रात्रभर शांत उभे राहिले पाहिजे, ही या मुक्कामाची खरी अट आहे. तिची पूर्तता डोंगरात पोहोचल्यावर करता येत नाही. ती आधी काही आठवडे घरीच करावी लागते, आणि म्हणून या लेखात सर्वांत जास्त भर त्या तयारीवर दिला आहे.

जागा, उंची आणि हंगाम

राष्ट्रीय वनातील साध्या कॅम्पग्राउंडमध्ये घोडे आणण्यास सामान्यतः मनाई असते. जेथे परवानगीची पाटी आहे तेथेच ते नेता येतात. घोड्यांसाठी राखलेल्या जागी बहुधा नळ्यांचे किंवा ओंडक्यांचे छोटे वाडे, घोडा बांधण्याची आडवी दांडी आणि घोडे वाहून आणणारा ट्रेलर वळवता येईल एवढे मोकळे मैदान असते. काही जागांचे आरक्षण सरकारच्या संकेतस्थळावर कित्येक महिने आधी होते, तर काही जागा जो आधी येईल त्याला मिळतात. संकेतस्थळावरील माहितीवर न थांबता त्या भागातील रेंजरच्या, म्हणजे वन अधिकाऱ्याच्या, कार्यालयाला फोन करावा आणि चार गोष्टी नेमक्या विचाराव्यात : वाडे सध्या वापरण्यायोग्य आहेत का, जनावरांसाठी पाणी आहे का, आपल्या लांबीचा ट्रेलर आत वळतो का, आणि पुढील वाटांवर झाडे पडलेली आहेत का. शेवटचा प्रश्न औपचारिक नाही. १९९६ नंतरच्या सुमारे दोन दशकांत माउंटन पाइन बीटल या साल पोखरणाऱ्या किड्याने कोलोरॅडोतील सुमारे ३४ लाख एकर रानातील पाइन वृक्षांना ग्रासले. त्यांतील वाळलेली झाडे अजूनही वाऱ्याने वाटांवर कोसळतात. माणूस आडव्या खोडावरून चढून पलीकडे जाऊ शकतो. खोगीर घातलेल्या घोड्याला मात्र पुष्कळदा तेथूनच मागे फिरावे लागते.

राज्याची राजधानी डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंच आहे, तर घोड्यांच्या बऱ्याच मुक्कामाच्या जागा २,५०० ते ३,००० मीटरवर आहेत. तेथे घोड्याचा श्वास लवकर फुलतो आणि शरीरातील पाणी नकळत कमी होते, म्हणून पोहोचल्याच्या दिवशी स्वारी न करता त्याला फक्त हातात धरून फिरवावे. टेक्सास किंवा कॅन्ससच्या सपाटीवरून आलेल्या घोड्याला पूर्ण एक-दोन दिवस विसावा द्यावा. उंचावरच्या जागा साधारणपणे जूनच्या सुमारास उघडतात आणि सप्टेंबरनंतर बंद होऊ लागतात. सप्टेंबरपासून शिकारीचा हंगाम सुरू होत असल्याने त्या काळात स्वाराने आणि घोड्यानेही भडक नारिंगी रंगाचे काहीतरी अंगावर घालणे शहाणपणाचे आहे.

कागदपत्रे

कोलोरॅडोत घोडा राज्यांतर्गत ७५ मैलांपेक्षा जास्त अंतरावर किंवा राज्याबाहेर न्यायचा असेल तर ब्रँड, म्हणजे मालकीची खूण म्हणून अंगावर दिलेला डाग, तपासल्याचा दाखला लागतो, आणि घोड्याच्या अंगावर असा डाग नसला तरीही हा नियम लागू असतो. नेहमी फिरणाऱ्यांनी त्या घोड्याचे कायमचे कार्ड काढून ठेवावे. दुसऱ्या राज्यातून येणाऱ्या घोड्यासाठी पशुवैद्याचे गेल्या ३० दिवसांतील आरोग्य प्रमाणपत्र आणि कॉगिन्स चाचणीचा (घोड्यांच्या संसर्गजन्य रक्तक्षयासाठीच्या रक्ततपासणीचा) गेल्या १२ महिन्यांतील अहवाल जवळ असावा. सर्व कागद ट्रेलर ओढणाऱ्या गाडीत ठेवावेत, घरच्या कपाटात नव्हे.

गवत आणि पाणी

या वनांमध्ये फक्त तणमुक्त म्हणून प्रमाणित केलेले गवतच नेता येते. गठ्ठ्याला बांधलेली जांभळी-पिवळी सुतळी किंवा प्रमाणपत्राची चिठ्ठी ही त्याची खूण असते आणि रेंजर ती पाहायला मागू शकतो. या नियमामागे मोठे कारण आहे : स्पॉटेड नॅपवीड, लीफी स्पर्ज यांसारखी परदेशातून आलेली तणे गवताच्या गठ्ठ्यांतून आणि घोड्यांच्या लिदेतून रानात पसरतात आणि तेथील मूळ गवताला मारून टाकतात. म्हणून प्रमाणित गवत मुक्कामापुरते विकत घेऊन भागत नाही. ते निघण्यापूर्वी सात-आठ दिवस आधीपासून थोडे थोडे वाढवत घरीच सुरू करावे. त्यामुळे पोटातील तणांचे बी तबेल्यातच बाहेर पडते आणि घोड्याच्या आतड्यांनाही नव्या गवताची सवय होते. आहार अचानक बदलणे हे पोटशूळाचे एक मोठे कारण आहे.

४५० किलो वजनाच्या घोड्याला दिवसाला साधारण नऊ किलो वाळलेले गवत लागते. तीन दिवसांसाठी २५ किलोचा एक गठ्ठा थोडा कमीच पडतो, आणि वाटेत गाडी बिघडली किंवा थंडी वाढली तर आणखी कमी पडेल. दर घोड्यामागे दोन गठ्ठे घेणे योग्य. मुक्कामात स्वारी फार कष्टाची नसेल तर चंदी अगदी कमी द्यावी किंवा देऊच नये. दिलीच तर तोबऱ्यातून द्यावी, म्हणजे दाणे जमिनीवर सांडत नाहीत. कोलोरॅडोत काळी अस्वले आहेत आणि चंदीचा वास त्यांना माणसाच्या जेवणाइतकाच ओढून आणतो. चंदीची पोती आणि गोड चवीच्या गोळ्या कुलूपबंद गाडीत किंवा अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात ठेवाव्यात. ट्रेलरच्या उघड्या भागात किंवा तंबूत कधीही ठेवू नयेत.

पाण्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. घोडा दिवसाला २० ते ४० लिटर पाणी पितो, परंतु पाण्याची चव बदलली की कित्येक घोडे तोंड लावून बाजूला होतात. घरचे पाणी दोन मोठ्या कॅनमध्ये भरून न्यावे आणि पहिल्या दिवशी तेथील पाण्यात मिसळून द्यावे. गवत भिजवून दिल्यास त्यातूनही बरेच पाणी पोटात जाते. मिठाचा खडा सोबत असावा. सामाईक हौदात घोड्याला तोंड घालू देऊ नये, कारण स्ट्रँगल्ससारखा श्वसनमार्गाचा संसर्गजन्य रोग अशा हौदांतून पसरतो. प्रत्येक घोड्याची बादली वेगळी असावी आणि तिच्यावर त्याचे नाव लिहिलेले असावे.

दावण

वाडे भरलेले असतील किंवा आपण आणखी आत जाऊन मुक्काम करणार असू तर घोडे उंच दावणीला बांधावे लागतात. महाराष्ट्रात अगाडी-पिछाडी लावून, म्हणजे पुढून आणि मागच्या पायांना दोर बांधून उभे केलेले घोडे काहींनी पाहिले असतील. येथे तशी रीत नाही. दोन झाडांमध्ये डोक्यापेक्षा उंच दोर ताणायचा आणि त्याला मोरखीचा दोर बांधून घोडा उभा करायचा, एवढीच व्यवस्था असते. तिच्यातील प्रत्येक माप मात्र काटेकोर पाळावे लागते.

झाडे जिवंत, निरोगी आणि किमान २० सेंटीमीटर व्यासाची निवडावीत. बीटलने मारलेल्या झाडाला दावण बांधू नये आणि अशा झाडाखाली घोडे किंवा तंबूही ठेवू नयेत. झाडाभोवती थेट दोर न बांधता पाच सेंटीमीटर रुंदीचा नायलॉनचा पट्टा गुंडाळावा आणि दोर त्या पट्ट्याला जोडावा, म्हणजे साल सोलली जात नाही. दोर न ताणला जाणारा आणि अंगठ्याएवढा जाड असावा, आणि तो जमिनीपासून किमान २.१ मीटर उंचीवर इतका ताठ असावा, की घोड्याने ओढले तरी फार खाली येऊ नये. दावण पाण्यापासून ६० मीटर दूर, कोरड्या आणि कठीण जमिनीवर असावी. घोडे खूर आपटून माती उकरतात, त्यात मुळे उघडी पडून झाड मरते, म्हणून घोडा खोडाच्या अगदी जवळ कधीच बांधू नये. दोन घोड्यांत तीन मीटर अंतर ठेवावे आणि त्यांचे दोर दावणीवर सरकून एकत्र येऊ नयेत यासाठी प्रत्येकाच्या जागी पक्की गाठ किंवा फिरती कडी असावी.

सर्वांत महत्त्वाचे माप घोड्याच्या दोराच्या लांबीचे आहे. तोंड जमिनीवरच्या गवतापर्यंत जेमतेम पोहोचावे, पण दोराला एवढी ढील नसावी की पुढचा पाय त्यात अडकेल. अंधारात पाय अडकलेला घोडा घाबरून मागे ओढतो, आणि रानातल्या गंभीर जखमा बहुधा अशाच होतात. गाठ एका झटक्यात सुटणारी असावी आणि धारदार चाकू प्रत्येकाच्या कमरेला असावा. लगामाने घोडा कधीही बांधू नये.

ही सर्व व्यवस्था घोड्याला आधी माहीत करून द्यायची आहे. घरच्या कुंपणबंद आवारात दावण बांधून प्रथम तासभर, आपण शेजारी बसून, पुढे गवत टाकून त्याला उभे करावे. काही दिवसांनी संध्याकाळभर, आणि मग एक संपूर्ण रात्र. तंबूचे फडफडणारे कापड, डोक्यावरचा दिवा लावून येणारा माणूस, रात्री वाजणारी भांडी, हे सर्व त्याच रात्री होऊ द्यावे. त्यानंतरचा धडा लोक हमखास विसरतात : शेजारचा घोडा सोडून दृष्टीआड न्यावा आणि मागे राहिलेला घोडा काय करतो ते पाहावे. तो किंचाळत, घामाघूम होत दावण हिसकू लागला तर त्याची तयारी झालेली नाही, असे स्पष्ट समजावे आणि मुक्काम पुढे ढकलावा. घोडा कळपाचे जनावर आहे. म्हणूनच तीन घोडे नेऊन दोघांनी स्वारीला जाणे आणि तिसऱ्याला एकटे मागे सोडणे ही चुकीची योजना आहे, मग तो घरी कितीही शहाणा असो.

पायबंद घालून घोड्याला चरायला सोडता येते, पण पायबंद घातलेला घोडाही उड्या मारत चांगला वेग घेतो, हे लक्षात ठेवून सर्व घोडे एकाच वेळी मोकळे करू नयेत. झोपण्यापूर्वी पाणी आणि गवत द्यावे, गाठी तपासाव्यात, आणि मध्यरात्री एकदा उठून पाहावे. उन्हाळ्यातही उंचावर रात्री तापमान शून्याजवळ जाऊ शकते. निरोगी, कोरड्या घोड्याला त्याचा त्रास होत नाही, परंतु पाऊस आणि वारा एकत्र आले तर पाणी न झिरपणारी झूल घालावी.

वाटेवर

जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर विजांसह वादळे येणे ही येथील नित्याची गोष्ट आहे. पहाटे खरारा आणि खोगीर उरकून लवकर निघावे आणि दुपारपूर्वी उघड्या कड्यांवरून खाली उतरावे. चढावर खोगीर मागे आणि उतारावर पुढे सरकते, म्हणून निघाल्यावर अर्ध्या तासाने तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, पुन्हा तपासावा. पादचारी आणि सायकलस्वार यांनी घोड्यांना वाट द्यावी असा संकेत आहे. समोरच्याला नम्रपणे उताराच्या बाजूला उभे राहून आपल्याशी बोलत राहण्यास सांगावे, कारण आवाज ऐकला की घोड्याला पाठीवर ओझे घेतलेली आकृती माणसाची आहे हे कळते. या डोंगरांत ओझ्यासाठी लामा हे उंटाच्या कुळातील, दक्षिण अमेरिकेतील जनावर नेणारे लोकही भेटतात, आणि ज्याने लामा कधी पाहिला नाही असा घोडा त्याच्या वासानेच बिथरू शकतो. त्या वेळी घोड्याला अंतरावरून शांतपणे पाहू द्यावे. १९६४ च्या कायद्याने संरक्षित केलेल्या वाइल्डरनेस, म्हणजे नैसर्गिक अवस्थेत राखलेल्या, क्षेत्रात गटातील माणसे आणि जनावरे यांच्या संख्येवर मर्यादा असते; ती प्रत्येक क्षेत्रासाठी वेगळी असू शकते, म्हणून आधी विचारून घ्यावी.

आजारपण

घरी असतानाच आपल्या घोड्याची विश्रांतीतील नाडी, श्वास आणि तापमान लिहून ठेवावे. सामान्यतः नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६ आणि तापमान ३७.२ ते ३८.३ अंश सेल्सिअस असते. चारा नाकारणे, कुशीकडे वळून पाहणे, पुढच्या पायाने माती उकरणे, वारंवार लोळणे, लीद थांबणे ही पोटशूळाची लक्षणे आहेत. ती दिसताच चारा काढून घ्यावा आणि पशुवैद्याशी संपर्क साधावा. त्याने आधी लिहून दिलेले औषधही त्याच्याशी बोलल्याशिवाय देऊ नये, कारण वेदना दबली की आजार किती वाढला हे कळत नाही. डोंगरात फोन बहुधा लागत नाही, म्हणून उपग्रहावरून संदेश पाठवणारे उपकरण सोबत असावे आणि सर्वांत जवळचा, घोडे तपासणारा पशुवैद्य कोण, हे निघण्यापूर्वीच शोधून ठेवावे.

आवराआवर

एक घोडा दिवसाला वीस किलोच्या आसपास लीद टाकतो. कॅम्पग्राउंडमध्ये ती ठरवून दिलेल्या जागी टाकावी किंवा पोत्यांत भरून परत न्यावी. आत रानात पाण्यापासून दूर नेऊन पातळ पसरावी, म्हणजे ती लवकर वाळते. उरलेले गवत झाडून घ्यावे, उकरलेले खड्डे बुजवावेत, पट्टे आणि दोर काढून घ्यावेत. हे काम मन लावून करण्याला कारण आहे : घोड्यांमुळे जागा खराब होत असल्याच्या तक्रारी वाढल्या तर घोड्यांना तेथे येऊ देण्याविषयीच फेरविचार होऊ शकतो. बॅक कंट्री हॉर्समेन ही १९७३ मध्ये मोंटानात सुरू झालेली स्वयंसेवी संघटना घोडेस्वारांसाठी वाटा खुल्या राहाव्यात म्हणून झटते, आणि वाइल्डरनेसमध्ये यांत्रिक करवतीला बंदी असल्यामुळे तिचे सदस्य पडलेली झाडे हातकरवतीने कापतात. कोलोरॅडोतही तिच्या शाखा आहेत. नव्याने सुरुवात करणाऱ्याने त्यांच्याबरोबर एखादा दिवस श्रमदान केले, तर दावण कशी बांधतात हे अनुभवी हातांकडून शिकायला मिळते.

घरी परतल्यावर घोड्याची पाठ, तंगाखालची कातडी आणि खूर नीट पाहावेत, आणि दोन दिवस पाणी व लीद यांवर लक्ष ठेवावे. स्ट्रँगल्सची लक्षणे दिसायला दोन आठवड्यांपर्यंत वेळ लागू शकतो, म्हणून तेवढे दिवस रोज तापमान मोजावे आणि त्याची बादली तबेल्यातील इतर घोड्यांपासून वेगळीच ठेवावी.