व्हीएचएस कॅप्चर करताना आवाज मागे पडतोय?

लग्नाची जुनी व्हीएचएस (व्हिडिओ) कॅसेट संगणकावर घेतली, म्हणजे कॅप्चर केली, की मंगलाष्टकांपर्यंत सगळं ठीक असतं आणि पंगतीला पोचेपर्यंत ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो. अशा वेळी लगेच ऑडिओ सरकवायला जाऊ नका. आधी फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी चित्र आणि आवाजातला फरक मोजा. ताशावर काडी पडते ती फ्रेम यासाठी उत्तम.

दोन्हीकडे फरक सारखाच असेल तर एडिटरमध्ये ऑडिओ तेवढा सरकवला की काम झालं.

फरक हळूहळू वाढत असेल तर बहुधा चित्र यूएसबी कॅप्चर उपकरणातून आणि आवाज संगणकाच्या लाइन-इनमधून (आवाज आत घेण्याच्या सॉकेटमधून) येतोय. दोघांची वेग ठरवणारी आतली घड्याळं वेगळी, म्हणून तासाभरात अंतर पडतं. लाल-पांढऱ्या पिनाही त्याच उपकरणात लावा, ऑडिओचा सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झवर ठेवा. कॅसेट पुन्हा लावणं शक्य नसेल तर ऑडिओची लांबी व्हिडिओइतकी ताणा किंवा आवळा. एवढ्याशा बदलाने आवाजाची पट्टी बदललेली कानाला कळतही नाही.

फरक मध्येच झटक्याने वाढत असेल तर मात्र ताणून भागत नाही. तिथे फ्रेम गळल्यात, म्हणजे काही चित्रं कॅप्चरच झाली नाहीत. पाल (PAL) या आपल्याकडच्या व्हिडिओ पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे ५० गळल्या की आवाज दोन सेकंद मागे. व्हर्चुअलडब या कॅप्चरच्या सॉफ्टवेअरमध्ये कॅप्चर चालू असताना गळलेल्या फ्रेमचा आकडा दिसतो, त्यावर लक्ष ठेवा. व्हीसीआरचं हेड साफ करा, टाइम बेस करेक्टर (टेपवरून येणारा डळमळीत सिग्नल स्थिर करणारं उपकरण) मिळाला तर फारच छान. आणि कॅसेटवरच्या कोऱ्या जागेपाशी कॅप्चर थांबवून पुढचा भाग वेगळ्या फाइलमध्ये घ्या.