मार्चएण्ड, तिजोरीची किल्ली आणि नात

माझी नात १५ मार्च २०२४ ला सकाळी नऊ वाजून पन्नास मिनिटांनी झाली. तेव्हा मी बँकेच्या शाखेतल्या स्ट्राँगरूममध्ये पाचशेच्या नोटांची बंडलं मोजत होते. दवाखाना तिथून रिक्षाने सात मिनिटांवर.

लेकीला रात्री दोनला कळा सुरू झाल्या. धरलेली तारीख आठवड्याने अलीकडे आली. रात्रभर मी तिच्या उशाशी होते आणि माझ्या पर्समध्ये तिजोरीची किल्ली होती. बँकेत नोकरी न केलेल्यांसाठी सांगते: तिजोरीला दोन किल्ल्या लागतात, एक हेड कॅशियरकडे, एक अधिकाऱ्याकडे. दोघं हजर असल्याशिवाय दार उघडत नाही. किल्ली यांच्या हाती पाठवून दिली असं चालत नाही. रोकड मोजायची, रजिस्टरमध्ये सह्या करायच्या, मग चार्ज दुसऱ्याकडे जातो. त्यामुळे सव्वानऊला मी उठले. लेक म्हणाली, "जा गं आई, अजून वेळ आहे." वेळ नव्हता.

परत आले तेव्हा हे बाहेरच्या बाकावर बसून रडत होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत तेहतीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस.

म्हणून, नोकरी करता करता आजी होणाऱ्यांनो, पहिली गोष्ट: बाळंतपणाच्या तारखेच्या आधी तीन आठवडे किल्ली सोडा. दोन आठवडे पुरत नाहीत, मुलं कॅलेंडर बघून येत नाहीत. तुम्ही बँकेत नसाल, पण तुमच्याशिवाय पान हलत नाही असं काहीतरी तुमच्याकडेही असतंच. एखादा पासवर्ड, पगारपत्रकाची फाइल, शाळेचा वेळापत्रकाचा तक्ता, वॉर्डातल्या औषधांचं कपाट. ते दुसऱ्याला शिकवा, लेखी द्या आणि नववा महिना लागला की हातातून काढा. मला ते सुचलं होतं, मी जानेवारीत बोलणारही होते, पण "मार्चमध्ये चार्ज कोण घेणार" असं म्हणत गप्प बसले. चार्ज घ्यायला दोघं तयार होते, हे नंतर कळलं. मी विचारलंच नव्हतं.

साहेबांशी बोलायची एक पद्धत आहे, तीही मला उशिरा जमली. "जरा सांभाळून घ्या" म्हटलं की समोरचा "हो हो मॅडम" म्हणतो आणि विसरतो. त्याचीही चूक नाही, सांभाळायचं म्हणजे काय करायचं हे त्याला कळलेलंच नसतं. आमचे मॅनेजर छत्तीस वर्षांचे, त्यांना स्वतःला दोन वर्षांचा मुलगा. नात झाल्यावर चौथ्या दिवशी मी त्यांच्या टेबलावर एक कागद ठेवला. त्यावर तारखा: २६ एप्रिल, २४ मे, २१ जून, संध्याकाळी साडेपाचनंतर थांबणार नाही. ऑगस्टअखेरपासून पंधरा दिवस पीएल, म्हणजे साठलेली हक्काची रजा. बदल्यात दिवाळीच्या आठवड्यात आणि सप्टेंबरच्या सहामाही हिशेबाला माझी सुट्टी नाही, ज्याला हवी त्याने घ्यावी. त्यांनी कागद वाचला, भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल केले, विषय संपला. मागणी तारखेत मागितली तर मिळते. आणि बदल्यात काही देऊ केलंत तर सहकारी आतल्या आत कुरकुरत नाहीत.

त्या तीन तारखा लसीच्या. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांनी पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकच लस) आणि तिच्यासोबतच्या बाकीच्या लसी असतात, आणि बऱ्याच बाळांना त्या रात्री कणकण येते, पाय दुखतो, किरकिर होते. आईची ती रात्र एकटीने काढायची नसते. आमचं नशीब असं की बाळ शुक्रवारी जन्मलं, त्यामुळे तिन्ही लसी शुक्रवारी आल्या, आणि मोजून बघते तर तिन्ही वेळा दुसरा दिवस चौथा शनिवार! बँकेला सुट्टी. रात्र जागले आणि एकही सीएल, म्हणजे किरकोळ रजा, खर्ची पडली नाही. जन्मतारीख कळल्याबरोबर हे गणित मांडून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

(पेढ्यांचं राहिलं. मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी ही काय रीत आहे मला कधी कळलं नाही. साताऱ्यात राहून बर्फी वाटायची? शाखेत तीन किलो कंदी पेढे वाटले.)

बारसं बाराव्या दिवशी म्हणजे २६ मार्चला येत होतं. आदल्या दिवशी धुळवड, पुढे बँकेचं वर्षअखेरचं क्लोजिंग. मी सरळ सांगितलं की मला जमणार नाही, गुढीपाडव्याला करू. ९ एप्रिलला पाडवा, बँक बंद, दिवस चांगला, मुहूर्त बघायचीही गरज नाही. जाऊबाईंनी नाक मुरडलं. सासूबाई चौऱ्याऐंशीच्या, त्या म्हणाल्या, "नाव ठेवायला काय, पोरगी कुठं पळून चाललीय?" घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला आधी आपल्या बाजूला घ्या, बाकीचे आपोआप गप्प होतात.

आता मुख्य गोष्टीकडे येते. पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे आईने डिंकाचे लाडू वळायचे, अळिवाची खीर करायची, बाळाला न्हाऊ-माखू घालायचं, शेक द्यायचा, दुपटी धुवायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा करायचा. माझ्या आईने माझं हे सगळं केलं. पण ती सकाळी साडेनऊला डबा घेऊन बाहेर पडत नव्हती. मी पहिले पाच दिवस सगळंच करायला गेले. सहाव्या दिवशी काउंटरवर एका आजोबांना पैसे देण्याऐवजी त्यांचंच पासबुक दोनदा दिलं. बीपीची गोळी तर पाच दिवसांत एकदाही घेतली नव्हती, पाकीट तसंच भरलेलं.

मग आम्ही पाळ्या लावल्या. माझी पाळी पहाटे साडेचार ते सात. साडेचारला लेक बाळाला पाजायची, माझ्याकडे द्यायची आणि सात वाजेपर्यंत तिने डोळे उघडायचे नाहीत. ढेकर काढायची, लंगोट बदलायचा, खांद्यावर घेऊन व्हरांड्यात फिरायचं. अजिंक्यताऱ्याच्या मागून उजाडायला लागलं की मला कळायचं, अजून अर्धा तास. ते अडीच तास माझे. त्यात कुकर लावायचा नाही, फोन बघायचा नाही. सातनंतर मी नोकरदार बाई. सकाळी दहा ते एक यांची पाळी. मास्तर लंगोट धुवायला शिकले, आणि आमच्या दोन मुलांच्या वेळी कधी हात लावला नव्हता ही गोष्ट मी त्यांना रोज ऐकवली. दुपारी दोन ते चार सासूबाई पाळण्याची दोरी धरून बसायच्या. दोरी त्यांच्या मनगटाला बांधलेली असायची. डुलकी लागली तरी पाळणा जरा जरा हलतच राहायचा.

लाडू विकत आणले. आमच्याच गल्लीत एक मावशी ऑर्डरवर करतात. मला दोन दिवस वाईट वाटलं, नंतर नाही. मालिशवाल्या बाई आठला यायच्या, त्यांच्याकडेच अंघोळही दिली. शनिवार-रविवारी मी घालायचे, पण पाय लांब करून, त्यावर बाळ घेऊन नाही. माझे गुडघे ते ऐकत नाहीत. बुटक्या स्टुलावर बसून, पुढे टबात. सासूबाईंच्या मते ती अंघोळच नव्हे.

सासूबाईंचं आणि लेकीचं एकदाच वाजलं, घुटीवरून. त्यांनी सहाण काढली, वेखंड, मुरडशेंग, बाळहिरडा, हळकुंड, जायफळ मांडलं. लेक म्हणाली, डॉक्टरांनी सांगितलंय, सहा महिने अंगावरचं दूध सोडून काही नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. मध्ये मी. दोघींच्या मध्ये पडून मी काहीही बोलले असते तरी एकीचा अपमान होता. मी काय केलं, पुढच्या तपासणीला सासूबाईंनाच रिक्षात घालून नेलं. डॉक्टरीणबाईंनी त्यांना खुर्ची दिली, "आजी, तुमची किती बाळंतपणं?" विचारलं, पाच ऐकून कौतुक केलं आणि मग सांगितलं की आता घुटी नको, मधाचं बोट तर वर्षभर नको. घरी येताना सासूबाई मलाच म्हणाल्या, "तू काही देऊ नकोस हां तिला." भांडणाचा निकाल घरात लावू नका. जिचं ऐकतील तिच्यासमोर नेऊन बसवा. धुरीचंही तसंच सुटलं, बाळाच्या खोलीत धूर बंद.

३१ मार्च त्या वर्षी रविवारी आला. सरकारी व्यवहार बघणाऱ्या बँकांच्या शाखा त्या रविवारी उघड्या ठेवा, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश होता. रात्री साडेनऊला घरी आले. लेक बाळाला मांडीवर घेऊन रडत होती, बाळही रडत होतं, छाती दगडासारखी झालेली, बाळाला पकड मिळत नव्हती. मी पर्स खाली ठेवली आणि पहिलं वाक्य काय बोलले असेन? "सकाळपासून कुणी गरम पाण्याने शेकलं का नाही?" बँकेतला तपासणी अधिकारी बोलतो तसं. लेक म्हणाली, "तू नव्हतीस ना." यावर काही उपाय नाही, मी सांगणारही नाही. ओला गरम टॉवेल आणला, शेकलं, हाताने थोडं दूध काढलं तेव्हा पुढे सव्वाअकराला बाळाने तोंड लावलं. नंतर मी एकच बदल केला: घरात शिरल्यावर पहिली दहा मिनिटं प्रश्न विचारायचे नाहीत. हातपाय धुवायचे, बसायचं, बाळ कुणी हातात दिलं तर घ्यायचं.

आता रजेबद्दल, कारण इथे जवळजवळ सगळे चुकतात. सव्वा महिन्यात घरात माणसं मावत नाहीत. आजी, आत्या, मावशी सगळ्या रजा काढून हजर. जावईही त्याच दिवसांत रजा संपवतो. आणि मग सहाव्या महिन्यात मुलगी कामावर रुजू होते तेव्हा कुणाकडेच रजा उरलेली नसते. २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवड्यांची पगारी रजा आहे, त्यातले आठ आठवडेच आधी घेता येतात. लेकीची रजा १ मार्चला सुरू झाली, म्हणजे २९ ऑगस्टला संपत होती. बाळ तेव्हा साडेपाच महिन्यांचं. म्हणून मी मार्चमध्ये तीन सीएलपेक्षा जास्त रजा घेतली नाही, पंधरा दिवस राखून ठेवले आणि ऑगस्टअखेरीस लेकीच्या घरी पुण्याला गेले. ७ सप्टेंबरला गणपती. घरचा गणपती त्या वर्षी यांनी एकट्याने बसवला, मोदक विकतचे. बाळाचं उष्टावण १५ सप्टेंबरनंतर, तेही माझ्या रजेच्या शेवटाशी बसलं. पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघराची सोय कायद्याने द्यावी लागते आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. लेकीने एचआरला विचारलं तेव्हा कळलं की सोय आहे, शेजारच्या इमारतीत. सहा महिने कुणी सांगितलं नव्हतं. रजेवर जायच्या आधीच विचारून घ्या.

मी गेल्यावर विहीणबाई नगरहून येतात, त्या गेल्या की मी. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी माझी पाळी: शुक्रवारी बँकेतून थेट स्टँडवर, सातारा-स्वारगेट विनाथांबा, एसटीत बायकांना अर्धं तिकीट. पिशवी कायम भरलेली असते, साडी, गोळ्या, चार्जर. तेवढ्यासाठी घरी जायला लागलं की एक गाडी चुकते आणि खंबाटकीत ट्रकांच्या मागे लागलं की दोन तास वाढतात.

आम्हा दोघी विहिणींची गाठ पडत नाही, म्हणून मी एक वही ठेवली. बँकेतल्या डे बुकसारखी. तारीख, दूध किती वाजता, शी किती वेळा आणि कसली, ताप, झोप, नवीन काय खाल्लं. विहीणबाईंना पहिल्यांदा ते आवडलं नाही. "ताई, ही काय बँक आहे?" म्हणाल्या. दोन पानं कोरी ठेवून गेल्या. तिसऱ्या खेपेला मी पोचले तर पान भरलेलं, त्यांच्या सुरेख जुन्या वळणाच्या अक्षरात: "७.१० दूध. ८.४० शी, पिवळी. ११ नाचणीसत्त्व दोन चमचे, थुंकलं. दुपारी माझ्याकडे बघून आज्जी म्हणाली."

सात महिन्यांचं बाळ आज्जी म्हणत नाही. मी लाल पेन काढलं आणि खाली लिहिलं: तपासले, फरक आहे. पुढच्या वेळी त्याच्याखाली निळ्या शाईत उत्तर होतं: "तुम्ही नव्हतात ना."