भूगोल-विज्ञान कवितेतून शिकवताय? मग या चुका टाळा

दरवर्षी नवीन शिक्षक येतात, ट्रेनिंगमध्ये ऐकलेलं असतं की कवितेतून विषय शिकवा, आणि दुसऱ्याच दिवशी वर्गात जाऊन सांगतात, "चला, जलचक्रावर कविता लिहा." धडा अजून शिकवलेला नाही, आणि पोरांनी लिहायचं तरी कशातून? मग "पाऊस आला धो धो" छापाच्या चाळीस कविता येतात आणि बाष्पीभवन हा शब्द एकातही नसतो.

माझी स्वतःची चूक सांगतो, कारण ती मला अजून लागून राहिलीय. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका मराठी शाळेत सहावीला नद्या शिकवत होतो, पोरांना म्हटलं, तुम्ही नदी आहात असं समजून लिहा. एका मुलीनं मलप्रभेवर लिहिलं,

"कणकुंबीत जन्मले मी, खानापुरात खेळले,
अरबी समुद्राच्या कुशीत शेवटी जाऊन मिळाले."

वाचली आणि वर्गानं टाळ्या वाजवल्या, मी पण वाजवल्या, कविता भिंतीवर लावली. महिन्यानं चाचणी घेतली तर अर्ध्या वर्गानं मलप्रभा अरबी समुद्राला मिळते असं लिहिलेलं. अहो, मलप्रभा कणकुंबीहून निघते ती पूर्वेकडं, कुडलसंगमाला कृष्णेला मिळते आणि ते पाणी बंगालच्या उपसागरात जातं. आपल्याच तालुक्यात उगम पावणारी म्हादई मात्र पश्चिमेला गोव्यात उतरते आणि अरबी समुद्राला मिळते. एकाच तालुक्यातल्या दोन नद्या दोन दिशांना जातात, केवढी मोठी गोष्ट शिकवायला हाताशी होती आणि मी चाल आवडली म्हणून ती सोडून दिली. पोरांना पुस्तकातलं वाक्य विसरायला होतं, पण चालीत बसलेली चूक लवकर जात नाही.

तेव्हापासून माझी सवय अशी, आधी नकाशा, पोरांनी नदीवरून बोट फिरवत उगमापासून शेवटपर्यंत जायचं, मग फळ्यावर धड्यातले आठ-दहा शब्द, आणि मगच वही. कविता भिंतीवर जायच्या आधी शेजारच्या पोरानं त्यातल्या माहितीवर पेन्सिलनं खूण करायची, बरोबर की चूक. त्या मुलीनं नंतर शेवटची ओळ बदलली, "कुडलसंगमी कृष्णाबाईच्या गळ्यात जाऊन पडले". पहिलीपेक्षा ही ओळ किती चांगली आहे बघा, खरी आहे म्हणून चांगली आहे.

दुसरं, यमकाचा हट्ट. पान आलं की छान, मान, रान आणि संपलं, हरितद्रव्य बाहेरच राहतं. मी पहिले दोन महिने यमकाला बंदीच घालतो. कवितेतला अक्षरांचा हिशोबच शिकवायचा असेल तर अभंग घ्या की, आपल्याकडं भजनाला बसलेली पोरं वर्गात असतातच. मोठ्या अभंगात पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार, एकूण २२. चरणातली अक्षरं झाकून ठेवा आणि विचारा, एक संख्या तिप्पट करून ४ मिळवले की २२ होतात, ती संख्या कुठली? पोरं बोटांवर अक्षरं मोजतात, जोडाक्षर एकच धरायचं यावर भांडतात, आणि समीकरण कधी सुटलं ते त्यांना कळतही नाही.

मोबाइलवरून आयती कविता उतरवून आणून पोरांकडून पाठ करून घेऊ नका, तो पाठांतराचाच तास झाला.

कवितेला मार्क देऊ नका, त्यातल्या माहितीला द्या.

इतिहासाच्या तासाला त्या काळातला माणूस होऊन पत्र लिहायला लावलंत आणि त्यात चूक सापडली तर लाल पेन लगेच काढू नका. एकानं १८२४ च्या कित्तूरच्या सैनिकाच्या पत्रात रेल्वे घातली होती. त्यालाच शोधायला लावलं, मुंबई-ठाणे रेल्वे १८५३ ची निघाली, आता ती दोन्ही सालं तो विसरणार नाही.

आणि "हे पोरगं काही लिहितच नाही" अशी तक्रार असेल तर त्याला पुस्तकी मराठीत लिहायला लावताय का ते आधी बघा. घरात बोलतो तसं बोलू दे, कन्नड शब्द आला तर येऊ दे, फळ्यावर तुम्ही लिहा. असाच एक गप्प बसणारा पोरगा, त्याला विचारलं, वाळत घातलेल्या धुण्यातलं पाणी कुठं जातंय? म्हणाला, "ऊन पिऊन टाकतंय की सर." तेवढंच फळ्यावर लिहिलं आणि खाली प्रश्न लिहिला, मग ऊन ते पाणी ठेवतंय कुठं? सगळा वर्ग खिडकीतून वर बघायला लागला, आणि त्या दिवशी बाष्पीभवनाचा धडा तिथनं सुरू झाला.