अनोळखी सायकलस्वाराला हेल्मेटचे सांगावे का, आणि सांगायचे तर कसे

काही वर्षांपूर्वी, पावसाळ्याच्या तोंडावर, मी सकाळी वेंगुर्ला रोडने स्कूटरवरून बेळगावकडे येत होतो. हिंडलग्याच्या अलीकडे माझ्यापुढे एक वयस्क दूधवाले कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना कॅन अडकवून सायकल चालवीत होते. मी स्कूटर त्यांच्या बरोबरीला आणली आणि “मामा, डोक्याला हेल्मेट घालत जा, रस्ता बरा नाही,” असे मोठ्याने म्हणालो. आवाज कोठून आला हे पाहायला त्यांनी मान वळवली, पुढचे चाक डांबराच्या कडेवरून खाली तांबड्या चिखलात उतरले आणि ते कॅनसह आडवे झाले. कोपर खरचटण्यापलीकडे त्यांना इजा झाली नाही. सांडलेल्या दुधाचे पैसे मी दिले, परंतु त्यांच्या काळजीपोटी उच्चारलेल्या वाक्यानेच त्यांना पाडले ही गोष्ट माझ्या मनातून गेलेली नाही.

तेव्हापासून या प्रश्नाचा मी बराच विचार केला आहे. अनोळखी सायकलस्वाराला हेल्मेटविषयी सांगावे, पण थोड्यांनाच सांगावे, तो थांबलेला असतानाच सांगावे, एकदाच सांगावे, आणि आपल्या सांगण्याचा त्याला खरोखर उपयोग होण्यासारखा असेल तरच सांगावे, असे माझे मत झाले आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील रस्ते, तेथील माणसे आणि तेथील भाषा लक्षात घेऊन हे कसे करता येईल ते पुढे लिहितो.

आधी स्वतः समजून घ्यावे

जो हेल्मेट घालायला सांगतो त्याला हेल्मेट काय करते आणि काय करीत नाही हे नीट माहीत असले पाहिजे. सायकलच्या हेल्मेटमध्ये आतून जो जाड थर असतो तो थर्माकोलच्याच जातीचा, अधिक घट्ट केलेला फेस असतो. डोके रस्त्यावर आपटते त्या क्षणी हा थर चिरडला जातो, आणि तो चिरडण्यात जो अत्यल्प काळ जातो तेवढ्यामुळे डोके एकाएकी न थांबता किंचित सावकाश थांबते व मेंदूला बसणारा हिसका कमी होतो. युरोपातील ईएन १०७८ या मानकाच्या चाचणीत हेल्मेट साधारण दीड मीटर उंचीवरून सपाट ऐरणीवर पाडतात, म्हणजे आपटतानाचा वेग ताशी साडेएकोणीस किलोमीटरच्या आसपास असतो. अमेरिकेच्या मानकात ही उंची दोन मीटर धरली आहे. तोल जाऊन किंवा चाक घसरून सायकलवरून पडणाऱ्या माणसाचे डोके साधारण इतक्याच उंचीवरून जमिनीवर येते. टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर ओल्या रुळात चाक अडकणे, पावसाच्या पाण्याखाली खड्डा न दिसणे, कुत्रे आडवे येणे, असल्या पडण्यांसाठीच हेल्मेट बनवलेले असते. उसाने भरलेल्या ट्रॅक्टरची मागची ट्रॉली अंगावर आली किंवा महामार्गावर भरधाव ट्रकने उडवले, तर त्या थरामुळे प्राण वाचतील असे कोणीही ठामपणे सांगू नये.

आकड्यांच्या बाबतीतही जपून बोलावे. १९८९ साली अमेरिकेतील सिॲटलच्या एका अभ्यासातून डोक्याची इजा ८५ टक्क्यांनी कमी होते असा आकडा पुढे आला आणि तो अजूनही सर्रास सांगितला जातो. नंतरच्या अनेक अभ्यासांत फायदा दिसला, पण इतका मोठा दिसला नाही. ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी ४० अभ्यासांतील ६४ हजारांहून अधिक जखमी सायकलस्वारांची माहिती एकत्र तपासून २०१६ साली जे निष्कर्ष मांडले, त्यांनुसार हेल्मेट घातलेल्यांत डोक्याला इजा होण्याची शक्यता ५१ टक्क्यांनी आणि गंभीर इजेची शक्यता ६९ टक्क्यांनी कमी होती. ही तुलना अपघातात जखमी झालेल्या माणसांमधली आहे. अपघात होणारच नाही याची हमी त्यात कोठेही नाही, आणि ऐकणाऱ्याला तशी हमी दिल्यासारखे वाटू देऊ नये.

दुसरी बाजूही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १ जुलै १९९० पासून सायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. त्यानंतरच्या मोजणीत सायकल चालवणाऱ्या किशोरवयीन मुलांची संख्या घटलेली आढळली, आणि ही घट सक्तीमुळे किती झाली यावरचा वाद अजून मिटलेला नाही. मेक्सिको सिटीने २०१० साली अशी सक्ती मागे घेतली. नेदरलँड्समध्ये रोजच्या कामासाठी सायकल चालवणारे लोक सहसा हेल्मेट घालत नाहीत. तेथील सुरक्षितता मुख्यतः वेगळ्या सायकलमार्गांतून आणि मोटारींच्या आवरलेल्या वेगातून आलेली आहे. आपल्याकडे तसे मार्ग नाहीत, म्हणून हेल्मेटची गरज अधिक आहे असे मी मानतो. तरीही आपल्या बोलण्याने घाबरून एखाद्या मुलाने सायकल सोडली आणि परवाना नसताना घरची मोटारसायकल हाती घेतली, तर आपण त्याचे नुकसानच केले असे होईल.

कोणाला सांगावे

रविवारी पहाटे जांबोटीमार्गे चोर्ला घाटाकडे निघणारे किंवा येळ्ळूरच्या राजहंसगडाचा चढ चढून वेगाने खाली येणारे तरुण जर उघड्या डोक्याने चालले असतील, तर त्यांना सांगण्यात मला संकोच वाटत नाही. त्यांची सायकल महागाची असते, हेल्मेट घेण्याची ऐपत असते, आणि उतारावर त्यांचा वेग असा असतो की डोके झाकलेच पाहिजे. सायकलच्या दांडीवर किंवा कॅरिअरवर लहान मूल बसवून नेणाऱ्या आईवडिलांशीही बोलावे, कारण त्या मुलाच्या वतीने निर्णय दुसराच कोणी घेत असतो.

उद्यमबागेतून पाळी संपवून रात्री अनगोळ, वडगावकडे जाणारा कामगार, भल्या पहाटे निघणारा दूधवाला, वृत्तपत्र टाकणारा मुलगा यांच्या बाबतीत मात्र मी हेल्मेटचा विषय आधी काढत नाही. ज्याची सायकल जुन्या बाजारातून आलेली आहे त्याला हेल्मेटची किंमत सायकलच्या किमतीशी ताडून पाहावी लागते, आणि अंधारात त्याला सर्वांत मोठा धोका असतो तो मागून येणाऱ्या वाहनाला तो न दिसण्याचा. गळिताच्या हंगामात निपाणी–संकेश्वर भागात रात्री दिव्यांशिवाय धावणाऱ्या ट्रॉल्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. अशा माणसाला उपदेश करण्याऐवजी मागच्या मडगार्डवर चिकटवायला लाल रेडियमची पट्टी द्यावी. ती स्वस्त असते, खिशात मावते, आणि ती घेताना कोणालाही ओशाळे वाटत नाही. त्या दूधवाल्या मामांच्या सायकलला आणि दोन्ही कॅनना मी पुढे अशा पट्ट्या स्वतः लावून दिल्या. त्या वेळी हेल्मेटचा शब्दही काढला नाही.

एकट्या जाणाऱ्या मुलीला किंवा स्त्रीला अनोळखी पुरुषाने रस्त्यात थांबवून काहीही सांगू नये, मग हेतू कितीही शुद्ध असो. डोक्याला पटका बांधलेल्या वृद्ध शेतकऱ्याला तो काढून प्लास्टिकचे टोपले घाला म्हणणे मला योग्य वाटत नाही. त्यांच्या घरच्या तरुणाशी ओळख असेल तर त्याच्याशी बोलावे.

कसे बोलावे

चालत्या सायकलस्वाराशी कधीही बोलू नये. मोटारीतून काच खाली करून तर नकोच. चहाचे दुकान, पंक्चर काढण्याचे दुकान, हवा भरण्याची जागा, बंद रेल्वे गेट, घाटमाथ्यावरचा थांबा, येथे माणूस दोन्ही पाय जमिनीवर टेकून मोकळा उभा असतो. शक्य तर आपणही सायकलवरूनच आलेले असावे आणि आपले हेल्मेट डोक्यावर किंवा हातात असावे. स्वतःच्या मोटारसायकलच्या आरशाला हेल्मेट लटकावून दुसऱ्याला सांगणाऱ्याचे कोणी ऐकत नाही आणि ऐकूही नये.

सीमाभागात आपण कोणत्या भाषेत तोंड उघडतो याकडे माणसाचे लक्ष सर्वांत आधी जाते. समोरचा कन्नडभाषक दिसला तर मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये का होईना, त्याच्या भाषेत सुरुवात करावी. इकडच्या कन्नडमध्ये क्रियापदाला जोडलेला ‘री’ आदर दाखवतो. “बर्री” (या), “नोडरी” (बघा) असे म्हणणाऱ्याचे बोलणे हुकमासारखे लागत नाही. ‘अण्णा’ हे संबोधन दोन्ही भाषांत चालते आणि दोन्हींत आपुलकीचे आहे. वयाने मोठ्या मराठी माणसाला काका किंवा मामा म्हणावे, अहो-जाहो करावे. तरुणालाही पहिल्या भेटीत ‘अरे’ म्हणू नये. भाषेवरून एवढे कटू प्रसंग पाहिलेल्या या मुलखात, परक्या भाषेतला परक्याचा हुकूम कामाचा असला तरी टोचतो, आणि टोचलेला माणूस मुद्दा ऐकत नाही.

सुरुवात सायकलपासून करावी. कोठून आलात, चढ कसा वाटला, टायर कोणते घेतले, या गप्पा सायकलवाल्याला आवडतातच. मग एकच प्रश्न विचारावा: “अण्णा, घाट उतरताना हेल्मेट घालत नाही, ते त्रास होतो म्हणून, की अजून घेतलं नाही म्हणून?” या प्रश्नात आरोप नाही, आणि उत्तर मिळाले की पुढे काय बोलायचे ते आपोआप ठरते. उकडते असे उत्तर आले तर ते खरेच आहे असे आधी मान्य करावे. एप्रिलमध्ये कोणते हेल्मेट गार वाटणार? मग भोके अधिक असलेली, वजनाला हलकी हेल्मेटे मिळतात हे सांगावे आणि आपले हातात देऊन पाहू द्यावे. घातले की डोक्यावर हलते, कपाळावरून मागे सरकते, असे कोणी म्हटले तर बहुधा माप किंवा पट्टा चुकलेला असतो, आणि येथे आपण दोन मिनिटांत खरी मदत करू शकतो. हेल्मेट डोक्यावर आडवे बसवावे, त्याची पुढची कड भुवईच्या वर दोन बोटांवर यावी, बाजूच्या पट्ट्या कानाखाली येऊन मिळाव्यात, आणि हनुवटीखाली बकल लावल्यावर एखादे-दुसरे बोटच जाईल इतकी जागा राहावी. मागच्या चकतीने घेर आवळावा व बकल न लावता मान हलवून पाहावी. हेल्मेट जागचे हलता कामा नये.

“इतकी वर्षे चालवतोय, काही झालं नाही,” असे उत्तर आले तर वाद घालू नये. असे बोलणाऱ्याला अपघातांच्या कथा सांगून उपयोग होत नाही. “बरं, जपून जा,” म्हणावे आणि विषय खरोखर सोडावा. पुन्हा त्याच दुकानात भेट झाली तर फक्त सायकलविषयी बोलावे. विचारायचे असेल तर तोच विचारील.

कायद्याची भीती घालू नये, कारण ती खोटी ठरेल. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२९ मधील हेल्मेटची सक्ती मोटारसायकल-स्कूटरसारख्या वाहनांना लागू आहे. पायाने चालणारी सायकल त्यात येत नाही.

शाळकरी मुले

कर्नाटक सरकारने २००६–०७ पासून सरकारी व अनुदानित शाळांतील आठवीच्या मुलामुलींना मोफत सायकली देण्याची योजना सुरू केली आणि खानापूर तालुक्यासारख्या भागात त्या सायकलींनी अनेक मुलींची शाळा टिकवली, असे मला मनापासून वाटते. म्हणूनच रस्त्यात मुलांना अडवून धाक घालण्याला माझा विरोध आहे. मुख्याध्यापकांना भेटावे, एसडीएमसीच्या, म्हणजे शाळा विकास व देखरेख समितीच्या, बैठकीत पालकांसमोर विषय मांडावा, आणि तेथे हेल्मेटच्या आधी ब्रेक, घंटी, डबल सीट न बसणे व रूळ काटकोनात ओलांडणे हे घ्यावे. गावातील युवक मंडळ किंवा गणेशोत्सव मंडळ खर्च उचलणार असेल तर मुलांच्या डोक्याची मापे आधी घेऊन मगच हेल्मेटे आणावीत. एकाच मापाची पेटी आणून वाटली, तर निम्मी हेल्मेटे आठवड्याभरात माळ्यावर जातात. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी आतला थर दबलेला असतो, त्यामुळे वापरलेली, इतिहास माहीत नसलेली हेल्मेटे दान म्हणून देऊ नयेत. घसरगुंडीवर किंवा झाडावर चढण्यापूर्वी लहान मुलांच्या डोक्यावरचे हेल्मेट काढायला लावावे. ते फटीत अडकून पट्ट्याने गळा आवळला गेल्याच्या घटना घडलेल्या आहेत.

कोणी पडलेलाच दिसला तर

अशा वेळी आपले वाहन मागून येणाऱ्यांना दिसेल असे बाजूला लावावे, १०८ ला फोन करावा आणि जखमी माणसाची मान हलू न देता त्याच्याशी बोलत राहावे. त्याने हेल्मेट घातलेले असेल आणि श्वास नीट चालू असेल तर ते आपण ओढून काढू नये. पोलीस प्रकरण मागे लागेल या भीतीने निघून जाऊ नये. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १३४अ सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण देते. आणि जखमी माणसाचे डोके उघडे असेल, तर “हेल्मेट घातलं असतं तर” हे वाक्य तेथे उच्चारू नये, त्याच्या घरी फोन करताना उच्चारू नये, आणि चार दिवसांनी दवाखान्यात विचारपूस करायला गेल्यावरही उच्चारू नये.