माशांची खोली: आधी पाण्याची वाट, मग टाक्या

एका टाकीवरून बारा टाक्यांवर गेलं की सगळंच काम बारापट होईल, अशी धास्ती असते. पण बारा टाक्यांना खाणं घालायला फार वेळ लागत नाही. वाढतं ते पाणी बदलण्याचं काम. ६० × ३० × ३० सेंमीची टाकी गणिताने ५४ लिटरची असते. काचेची जाडी आणि वर सोडलेली तीन-चार सेंमी जागा वजा केली की त्यात जेमतेम ४५ लिटर पाणी उरतं. अशा १२ टाक्यांचं ५४० लिटर होतं आणि आठवड्याला एक तृतीयांश बदलायचं म्हटलं तर १८० लिटर. १५ लिटरच्या बादलीने १२ बादल्या उपसून टाकायच्या आणि १२ भरून आणायच्या. सुरुवातीच्या उत्साहात हे जमतं. मग आठवड्याचे पंधरा दिवस होतात, पंधराचा महिना होतो, माशांच्या मलमूत्रातून साचणारं नायट्रेट चढतं आणि पिल्लांची वाढ खुंटते. म्हणून रॅक, टाक्या, मासे यांतलं काहीही घेण्याआधी खोलीचा नकाशा कागदावर काढा आणि त्यावर दोन रेघा ओढा: पाणी कुठून येणार आणि कुठे जाणार. बाकी सगळं त्या रेघांच्या कडेने बसवायचं.

जागा आणि वजन

खोलीत नळ आणि जमिनीत जाळी असलेला निचरा, या दोन गोष्टी असतील तर अर्धी लढाई जिंकलीत. निचरा नसेल तर बाथरूमला लागून असलेली भिंत निवडा आणि पाइप भिंतीतून पलीकडे काढा. फरशी टाइल्सची असावी. लाकडी किंवा लॅमिनेटची फरशी वर्षभरात फुगते, कारण थोडं पाणी सांडणारच.

वजनाचा हिशोब कुणी सांगेपर्यंत थांबू नका, स्वतः करा. ६ मिमी काचेची वरच्या मापाची रिकामी टाकी साधारण ११ किलो भरते. पाणी आणि झाकण धरून ती ६० किलोच्या आसपास जाते. तीन मजल्यांच्या रॅकवर अशा सहा टाक्या ठेवल्या की रॅकसकट ४०० किलो होतात आणि ते चार पायांवर येतात. घरांच्या मजल्यांचा हिशोब बहुधा चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास धरलेला असतो. तो सगळीकडे पसरलेल्या भाराचा असतो, एका कोपऱ्यात साचलेल्या भाराचा नाही. तळमजला असेल तर प्रश्नच नाही. वरच्या मजल्यावर रॅक बीमवर किंवा भार घेणाऱ्या भिंतीला लागून ठेवा, खोलीच्या मधोमध कधीच नको. दोनपेक्षा जास्त रॅक होणार असतील तर बांधकाम अभियंत्याला नकाशा दाखवून घ्या. प्रत्येक पायाखाली १० × १० सेंमीची, ६ मिमी जाडीची लोखंडी पट्टी ठेवा, म्हणजे टाइल फुटणार नाही.

रॅक

४० × ४० मिमीचा, २ मिमी जाडीचा चौकोनी लोखंडी पाइप वेल्डिंग करून, त्यावर गंजरोधक प्रायमर आणि रंगाचे दोन हात. वेल्डिंगचे सांधे नीट रंगवले आहेत का ते बघा, गंज तिथूनच सुरू होतो. सव्वा मीटर लांबीच्या एका फळीवर ६० सेंमीच्या दोन टाक्या शेजारी शेजारी बसतात. टाक्यांची अरुंद बाजू पुढे केली तर त्याच लांबीत चार मावतात, मात्र रॅकची खोली ६० सेंमी होते, वजन दुप्पट होतं आणि मागच्या कोपऱ्यातला मासा पकडायला लांब दांड्याची जाळी लागते. पैदाशीसाठी ही रचना सोयीची, पाहण्यासाठी नाही.

खालची फळी जमिनीपासून किमान २५ सेंमी वर हवी, नाहीतर त्या टाकीतलं पाणी सायफनने (उपसायच्या नळीने) नीट निघत नाही. टाकीच्या कडेपासून वरच्या फळीपर्यंत २५ सेंमी मोकळे सोडा. एक टाकी जास्त बसवायच्या मोहात ही जागा १२-१५ सेंमीवर आणली की जाळी तिरकी घालावी लागते, पाणी गाळणारा स्पंज बाहेर निघत नाही, आणि त्या टाकीची साफसफाई आपोआप टळत जाते. या मापाने तिसऱ्या मजल्यावरच्या टाकीची कड जमिनीपासून सुमारे १७५ सेंमीवर येते, तेव्हा एक मजबूत स्टूल खोलीतच राहू द्या.

फळीवर १८ मिमीचा वॉटरप्रूफ प्लाय, त्यावर १०-१२ मिमीचा थर्माकोल किंवा फोम. थर्माकोलमुळे बारीक खडा किंवा उंचवटा तळाच्या काचेला टोचत नाही. तळाला प्लास्टिकची चौकट असलेल्या टाक्यांखाली मात्र तो घालू नका, त्यांचा भार चौकटीवरच यायला हवा. पाणी भरण्याआधी स्पिरिट लेव्हलने दोन्ही दिशा तपासा आणि रॅक वरच्या टोकाला भिंतीशी पकडून टाका.

पाणी येण्याची आणि जाण्याची वाट

येणाऱ्या पाण्यासाठी २०० लिटरचा खाद्यपदार्थांसाठी वापरतात तसा प्लास्टिक ड्रम, त्यात एक एअरस्टोन (बारीक बुडबुडे सोडणारा दगड), एक हीटर आणि एक सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात बुडवून चालवायचा पंप. पाणी इथे २४ तास हवेवर चालू द्या. क्लोरिन बहुतांशी उडून जातो, तापमान खोलीशी जुळतं आणि पीएच (पाणी किती आम्ल ते दाखवणारा आकडा) स्थिरावतो. बोअरच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असेल तर नळातून काढल्या काढल्या पीएच कमी दिसतो आणि दुसऱ्या दिवशी वर गेलेला असतो. थेट नळ लावणाऱ्यांचे मासे पाणी बदलल्यावर मलूल पडतात, त्यामागे हेही कारण असू शकतं. पाणीपुरवठ्यात क्लोरामाइन (क्लोरिन आणि अमोनियाचं संयुग) वापरत असतील तर ते हवेने उडत नाही. घाई असेल तर क्लोरिन मारणारं सोडियम थायोसल्फेट वापरा: १ पीपीएम (लिटरला १ मिलीग्रॅम) क्लोरिनसाठी लिटरला ७ मिलीग्रॅम, म्हणजे २०० लिटरला १.४ ग्रॅम. क्लोरामाइनवरही ते चालतं, पण त्यातून अमोनिया सुटा होतो, म्हणून तिथे अमोनिया बांधून ठेवणारं कंडिशनर घ्या.

ड्रमच्या नळाला फ्लोट व्हॉल्व (ड्रम भरला की आपोआप बंद होणारा) लावाच. भरायला लावलेला नळ विसरणं हा माशांच्या खोलीतला सगळ्यात नेहमीचा अपघात आहे. पंपाला लवचिक नळी आणि तिच्या टोकाला बॉल व्हॉल्व जोडला की भरणं हाताच्या बोटावर येतं. नव्या-जुन्या पाण्यात दोन अंशांपेक्षा जास्त फरक नको.

जाणाऱ्या पाण्याचे दोन मार्ग आहेत. साधा मार्ग म्हणजे लांब नळीचा सायफन थेट निचऱ्यापर्यंत नेणं. बारा टाक्यांपर्यंत तो पुरतो, आणि तळाचा गाळही निघतो. दुसरा मार्ग टाक्यांना छिद्र पाडून ओव्हरफ्लो करण्याचा: वरून नवं पाणी घातलं की तेवढंच जुनं आपोआप बाहेर जातं. छिद्र रिकाम्या टाकीला, हिऱ्याच्या कपसॉने (गोल करवतीने), कमी वेगात, सतत पाण्याची धार सोडत पाडायचं. दाब दिला की काच शेवटच्या मिलिमीटरला उडते. टफन (तापवून कडक केलेल्या) काचेला छिद्र पाडताच येत नाही, तिचा चुरा होतो, म्हणून तळाची काच टफन आहे का हे आधी विचारा आणि छिद्र मागच्या काचेला वर पाडा. छिद्राच्या कडेपासून काचेच्या कडेपर्यंत छिद्राच्या व्यासाएवढं अंतर ठेवा. बल्कहेडचा (छिद्रात बसवायच्या पाइपजोडाचा) रबर वॉशर आतल्या बाजूला, कॉलरखाली बसतो. त्याला सिलिकॉन लावू नका, हाताने घट्ट करणं पुरतं.

ओव्हरफ्लोने वरचं स्वच्छ पाणीच निघून जातं आणि तळाचं तसंच राहतं. यावर उपाय म्हणजे आतून एक टी (तीन तोंडांचा पाइपजोड) बसवून तिला तळाच्या ५ सेंमी वरपर्यंत पाइप जोडायचा. पाणी खालून खेचलं जातं. टीचं वरचं तोंड उघडं ठेवायला मात्र विसरू नका. ते बंद केलं की सायफन धरतो आणि टाकी जवळजवळ तळापर्यंत रिकामी होते. पाइपाच्या तोंडाला जाड स्पंज लावा, नाहीतर पिल्लं निचऱ्यात जातात आणि एखादं पान अडकून टाकी काठावरून वाहू लागते. मागचा निचऱ्याचा पाइप ५० मिमीचा, मीटरला एक सेंमी उतार देऊन.

हे झालं की ठिबकच्या ड्रिपरने पाणी बदलणं स्वयंचलित करता येतं. ताशी ४ लिटरचा ड्रिपर रोज एक तास चालला तर आठवड्याला प्रत्येक टाकीत २८ लिटर जातं. कागदावर हे ६२ टक्के दिसतं, पण नव्यातलंही काही वाहून जात असल्याने खरा बदल ४५ टक्क्यांच्या आसपास भरतो. ड्रिपर दाब सांभाळणारेच घ्या. साधे घेतले तर खालच्या फळीला जास्त आणि वरच्या फळीला कमी पाणी मिळतं. पाणी थेट नळातून येणार असेल तर आधी कार्बन फिल्टर लावा. या सगळ्या कामात तांब्याचा किंवा पितळी भाग पाण्याच्या वाटेत येऊ देऊ नका. कोळंबी आणि गोगलगायी त्याने आधी मरतात.

हवा

प्रत्येक टाकीला वेगळा फिल्टर घेण्यापेक्षा एक मोठा एअर पंप आणि टाकीगणिक स्पंज फिल्टर हीच रचना घरासाठी उत्तम. सगळ्या टाक्यांना एकच संप (पाणी गाळून परत पाठवणारी सामाईक टाकी) जोडला की पाणी एकसारखं राहतं हे खरं, पण एका टाकीत आलेला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग सगळीकडे जातो. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

स्पंज फिल्टरला मिनिटाला सुमारे ३ लिटर हवा धरा. बारा टाक्यांचे ३६, ड्रम आणि आर्टेमियाची (पिल्लांच्या खाण्यासाठी उबवायच्या बारीक जिवांची) बाटली धरून ४२, त्यावर थोडी शिल्लक, म्हणजे ५० लिटरचा पंप. खोक्यावरचा आकडा बऱ्याचदा दाब नसतानाचा असतो, तेव्हा तुमचं पाणी जितकं खोल आहे तिथे किती हवा मिळते ते पंपाच्या तक्त्यात बघा. छतालगत २५ मिमी पीव्हीसी पाइपाचं पूर्ण कडं फिरवा, दोन्ही टोकं एकमेकांना जोडलेली. नुसता सरळ पाइप ठेवला तर शेवटच्या टाकीत बुडबुडे मंदावतात, कड्यात दाब सारखा राहतो. पाइपाला छिद्र पाडून, आटे पाडून एअर व्हॉल्व पिळून बसवा. हवा नेहमी उथळ पाण्याकडे पळते, म्हणून स्पंज शक्यतो सगळीकडे सारख्या खोलीवर ठेवा. जादा हवा सोडायला एक व्हॉल्व मोकळा ठेवा. व्हॉल्व आवळून पंपावर दाब आणला तर तो तापतो आणि डायफ्रॅम (आतला रबरी पडदा) फाटतो. पंप सगळ्यात वरच्या टाकीच्या पाण्यापेक्षा उंच ठेवा, नाहीतर वीज जाताच पाणी उलटं पंपात येतं. डायफ्रॅमचा एक जादा संच घरात हवा.

टाकीत एका मोठ्या स्पंजऐवजी दोन लहान घाला आणि आलटून पालटून टाकीच्याच उपसलेल्या पाण्यात पिळा. नळाखाली धुतला की पाणी शुद्ध करणारे जिवाणू गेले.

ऊब आणि दमट हवा

आठ-दहा टाक्यांनंतर प्रत्येकीत हीटर घालण्यापेक्षा खोली तापवणं परवडतं. खोली २६ अंशांवर ठेवली की वरच्या फळीचं पाणी खालच्यापेक्षा दोन-तीन अंश गरम राहतं. त्याचा फायदा घ्या: ऊब लागणारे डिस्कस मासे वर, थंड पाणी मानवणारे खाली. फरक नकोच असेल तर छताकडे तोंड करून एक लहान पंखा चालू ठेवा.

झाकण नसलेल्या टाक्यांतून रोज काही लिटर पाणी हवेत जातं आणि थंड भिंतीवर बुरशी होऊन उगवतं. प्रत्येक टाकीला ४ मिमी काचेचं झाकण, आणि आर्द्रता ६० टक्क्यांवर गेली की आपोआप सुरू होणारा एक्झॉस्ट पंखा. भिंतींना बुरशीरोधक रंग. जिप्सम बोर्ड नको.

वीज

खोलीसाठी स्वतंत्र एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच) आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा), तोही इलेक्ट्रिशियनकडूनच. बोर्ड टाक्यांच्या खाली नाही, समोरच्या भिंतीवर. प्रत्येक वायर प्लगच्या खाली वाकवून मग वर न्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी खाली टपकतं. एअर पंप इन्व्हर्टरवर घ्या. लिनियर पंप (असा मोठा एअर पंप) चौकोनी लहरींवर घरघरतो आणि तापतो, म्हणून शुद्ध साइन लहरींचा इन्व्हर्टर लागतो. दिवे टायमरवर, आठ तास.

मासे आणण्याआधी

सगळे स्पंज एकाच वेळी तयार करा, म्हणजे त्यांत जिवाणू वाढू द्या. माशांविना टाकीत अमोनिया २ पीपीएम होईल एवढा घाला आणि रोज मोजा. तो २४ तासांत शून्यावर येऊ लागला आणि त्यापासून बनणारं नायट्राइटही शून्य दिसलं की टाकी तयार. याला चार ते सहा आठवडे लागतात. पीएच ६.५ च्या खाली असेल तर आणखी. चालू टाकी असेल तर नवे स्पंज तिच्यात महिनाभर चालवून मग वाटून टाका.

नव्या माशांची टाकी दाराजवळ, रॅकपासून दूर, वेगळ्या जाळी-नळीसह, आणि मुक्काम किमान चार आठवडे. ओल्या हाताने तिथून थेट दुसऱ्या टाकीत गेलात तर हा वेगळेपणा फुकट.

टाक्या वाटताना जोड्या मोजून वाटू नका. एंजल माशांच्या एका जोडीची काही शे अंडी होतात, आणि पिल्लं वाढवायला जोडीच्या टाकीखेरीज आणखी दोन-तीन टाक्या लागतात. म्हणजे बारा टाक्यांत तीन जोड्या, चार नव्हे. उरलेल्यांपैकी एक टाकी कायम माशांविना, पण स्पंज चालू ठेवून राखा. दर दोन दिवसांनी चिमूटभर खाणं टाकलं की जिवाणू जगतात, आणि कुठे काच गळली किंवा दोन नर भांडले तर मासा हलवायला जागा तयार असते.