रात्रीच्या दृश्यात प्रोजेक्टरांच्या जोडावर दिसणारा करडा पट्टा

लातूर येथील वाहनचालन सिम्युलेटरच्या वक्र पडद्यावर रात्रीचा रस्ता दाखवला, की तिन्ही प्रोजेक्टरांच्या जोडांवर, म्हणजे शेजारची दोन चित्रे एकमेकांवर येतात तिथे, करडे उभे पट्टे उमटत. दिवसाच्या दृश्यात ते दिसत नसत. केबल बदलल्या, ब्लेंडची (जोडावर दोन्ही चित्रे कडेला हळूहळू मंद करून एकमेकांत मिसळणाऱ्या पट्ट्याची) रुंदी वाढवली. तीन आठवडे जीव मेटाकुटीला आला. काळ्या चित्रातही प्रोजेक्टरमधून थोडा प्रकाश गळतो, जोडावर तो दुप्पट होतो आणि ब्लेंडिंगने तो कमी होत नाही, हे कारण उशिरा लक्षात आले. मग खोली पूर्ण अंधारी करून यंत्रे अर्धा तास तापू दिली, दृश्यानुसार उजेड आपोआप कमी-जास्त करणारा डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद केला, तिन्हींचा गॅमा (मधल्या छटा किती उजळ दिसाव्यात हे ठरवणारे मूल्य) २.२ केला, जाळीचे चित्र जुळवून ब्लेंड नव्याने केले आणि शेवटी, पूर्ण काळे चित्र लावून, जोडाबाहेरील भागाची काळी पातळी (काळ्या रंगाचा उजळपणा) पट्टे दिसेनासे होईपर्यंत वाढवली.